नकाशात नसलेली मोरी

सायवनकडच्या एका पाड्यासाठी पाणलोटाचा नकाशा करायचं काम २०१६च्या उन्हाळ्यात माझ्याकडे आलं. डोंगरावर पडलेला पाऊस कुठून धावतो, कुठल्या ओढ्याला मिळतो, हे माझा संगणक उंची-उतारावरून काढायचा. तो म्हणेल त्या ओढ्यावर बंधारा. बंधारा एकच मंजूर होता आणि पाड्याची विहीर होळीलाच तळ गाठायची.

संगणक म्हणाला, पूर्वेचा ओढा. पाडा आणि विहीर तर पश्चिमेला! लोकांना पटेना. मी मुळातच तापट. म्हटलं, थांबा, दाखवतेच. शाळेच्या अंगणात नकाशाप्रमाणे मातीचा डोंगर रचला, दोन्ही ओढे कोरले, मधला डांबरी रस्ता उंच थापला. बायकांनी सगळं शेणानं लिंपलं आणि वर राबाची राख भुरभुरली. भाताच्या रोपांसाठी जमीन भाजतात ना, तिथली. म्हणजे पाणी जाईल तिथली राख धुऊन निघेल. ही अक्कल त्यांची हो, माझी कुठली!

मी ऐटीत झारी वाकडी केली. पाणी रस्त्याला धडकलं, वळलं आणि निघालं पूर्वेला.

"बघा!" मी म्हटलं.

तेवढ्यात एक म्हातारी उठली. विहीर आटली की लांबच्या झऱ्यावरून रोज तीन हंडे आणणारी. बांगड्या मागे सारून तिनं माझ्या रस्त्याखाली बोट घातलं आणि आरपार भोक पाडलं.

"आता ओत, बाय."

ओतलं. पाणी भोकातून थेट पश्चिमेच्या ओढ्यात शिरलं.

"इथं मोरी हाय. पोर होते तवा खेकडे धरायची मी तिच्यात."

हात्तिच्या! महिनाभर त्याच मोरीवरून मी जीपनं ये-जा करत होते. संगणकाला रस्ता म्हणजे भिंत वाटली. आणि मला? खाली उतरून बघायचा कंटाळा! आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं, मग असं हसू फुटलं की अख्खं अंगण हसलं. तशीच तिच्याबरोबर गेले, गवत बाजूला केलं. होती की मोरी, चांगली ऐसपैस! मला इतका आनंद झाला की म्हातारीला मिठीच मारली.

बंधारा पश्चिमेला झाला. पुढच्या पावसाळ्यात भरला. त्यानंतर होळी होऊन गेल्यावर मी पाड्यावर गेले, तर म्हातारी विहिरीवरच होती. तिनं पोहरा सोडला. खडखडाट नाही, डुबुक आवाज आला. दोर माझ्या हातात देत ती म्हणाली, "ओढ, बाय. जड हाय."

खरंच जड होता.