खोलीत एकटं असण्याचा नियम

शाळांच्या ऑनलाइन सांघिक बुद्धिबळात नियम साधा होता. खेळाडू आपल्या घरी, खोलीत एकटा, कॅमेरा आणि माइक चालू. दुसरं कोणी सापडलं तर अख्खा संघ बाद. आमच्या शाळेचा संघ मी सांभाळत होते. आमच्या संघातली, बीरगांवच्या कामगार वस्तीतली पोरगी जिंकत आली होती, तेवढ्यात पंचांनी तिला विचारलं, "पीछे कौन साँस ले रहा है?"

मलाही ऐकू आला, लांब, घरघरता श्वास. पडद्यावर ती एकटीच होती.

"घरी कोण आहे गं?" मी विचारलं.

"कोणीच नाही मॅडम. बाबा झोपून राहिले फक्त. रात्रपाळी होती."

तिनं कॅमेरा खाली वळवला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरी चादर, हळूच वर होणारी, खाली बसणारी.

पंचांनी सांभाळून घेतलं, त्यांना फक्त बाहेर पाठवायला सांगितलं. बाप चादरीसकट उठला आणि बाहेर गेला. खोलीतला श्वासाचा आवाज थांबला. पोरगी रिकाम्या चटईकडे बघत राहिली. घड्याळातली वेळ संपली, तरी तिचा हात हलला नाही.

पंचांना वाटलं, चित्र अडकलं. मला माहीत होतं. आमच्या घरातली पहिली पदवी मी बाबांच्या अशाच श्वासाशेजारी बसून मिळवली. तो थांबला की मलाही पुस्तकातलं अक्षर दिसत नसे.