सावलीत लावलेली गाडी

हिराजीकाका गाडी उभी करायच्या आधी खिडकीतून उजवा हात बाहेर काढायचे आणि तळवा उलटासुलटा करून ऊन चाचपायचे. मग मान वाकडी करून झाडाकडे बघायचे आणि अशी जागा धरायचे, की आत्ता ऊन असलं तरी अर्ध्या तासात तिथे सावली यावी. बरोब्बर यायची. माझं डोकं फिरायचं, कारण त्या गाडीच्या टपावर मी सोलर पॅनेल बसवलं होतं.

ऐंशीचं दशक सरत आलेलं. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा विजेचे पंप बनवणारा कारखाना होता. साहेबांनी हौसेने एका जुन्या गाडीचं इंजिन काढून ती विजेवर चालेल अशी करून घेतली होती. मागे आठ मोठ्या बॅटऱ्या. त्या कारखान्यातल्या विजेवर भरायच्या. पण हॉर्न, दिवे आणि मुख्य म्हणजे त्या आठ बॅटऱ्या मोटरला जोडणारा स्विच, हे सगळं मोटारसायकलच्या एका छोट्या बॅटरीवर चालायचं. ती मेली की मागे कितीही वीज भरलेली असो, गाडी ढिम्म. ही छोटी बॅटरी उन्हावर भरायची कल्पना माझी. शीळफाट्याकडचं आमचं गाव, वडील खाडीवरच्या मिठागरात राबलेले, आणि मी घराण्यातला पहिला पदवीधर. सही केली की खाली बी.एस्सी. लिहायचो. जेवणाच्या डब्यावरसुद्धा लिहिलं होतं.

काका कोपरीचे कोळी. आधी बापाची होडी, मग ट्रक, मग आमच्याकडे ड्रायव्हर. निवृत्तीला दीड वर्ष राहिलेलं. आवाज न करणाऱ्या त्या गाडीवर त्यांचा भारी जीव. “शीड लावल्यागत जाते रे,” म्हणायचे, आणि रोज ओल्या फडक्याने पुसायचे.

“काका, उन्हात लावा. किती वेळा सांगू?”

“अरे बीएस्सी, उन्हात बोंबील टाकतात, गाडी नाय. जनावर उन्हात बांधशील काय?”

“हे जनावर ऊन खातं!”

“मंग चारा तूच घाल.”

मी दातओठ खात निघून जायचो. रविवारी कारखाना बंद, गाडी शेडमध्ये. सोमवारी सकाळी छोटी बॅटरी हटकून मेलेली. मी ती चार्जरला लावायचो आणि सावलीच्या नावाने बोटं मोडायचो.

एकदा त्यांनी ऐकलंही. आठवडाभर गाडी कडक उन्हात, आणि शेजारी डोक्यावर टॉवेल घेऊन स्वतः. सोमवारी गाडी पुन्हा मेली. ते माझ्या टेबलाशी आले.

“सावलीचा दोष नाय रे. शनिवारी भरलेली व्हती, मी दिवे लावून बघितले. शेडमध्ये उभ्या उभ्या कुठंतरी गळतंय.”

“बॅटरी काय मडकं आहे गळायला? काका, तुमचं शिक्षण किती?”

“चौथी,” ते म्हणाले. फडकं खांद्यावर टाकलं. “पण गळकी होडी कळते.”

पुढे एका सोमवारी मोठे पाहुणे गाडी बघायला आले. साहेबांनी कौतुकाने चावी फिरवली. गाडीने हूं की चूं केलं नाही. पाहुणे गेल्यावर साहेबांनी माझ्याकडे लेखी कारण मागितलं. मी लिहिलं: चालक वारंवार सूचना देऊनही वाहन सावलीत उभे करतो. खाली सही, सहीखाली बी.एस्सी.

काकांना गाडीवरून काढून फाटकावर बसवलं. चावी देताना नव्या ड्रायव्हरला ते एवढंच म्हणाले, “हँडब्रेक घट्ट हाय, हळू वढ.”

नवा ड्रायव्हर आज्ञाधारक. गाडी भर उन्हात लावायचा. तरी सोमवारी मेलीच. मी बॅटरी बदलली, पॅनेल धुतलं, सगळ्या वायरी घासून पुन्हा जोडल्या. पुढच्या सोमवारी तेच. संतापाने रडायची पाळी आली. शेवटी एका रविवारी मान खाली घालून कोपरीला गेलो. काका ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते. गाडी अजूनही मरते, हे सांगितलं; त्यांनी टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं.

“तुजा बापूस मिठागरावर ना?”

“हो.”

“भरतीचं पाणी आत घेतो. मंग ओहटी लागली की काय करतो?”

“उघाडी पाडतो.” बांधातल्या लाकडी दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. लहानपणी मी स्वतः किती वेळा तरी ती पाडली होती.

“का पाडतो?”

“नाहीतर आलेलं पाणी परत खाडीत जाईल.”

काकांचा हात थांबला. “तुज्या टपावरच्या पत्र्याला उघाडी कुठं हाय?”

उघाडी होती. पॅनेलसोबत आलेल्या कागदावर एक डायोड दाखवला होता, वीज बॅटरीकडे जाऊ देणारा आणि परत फिरू न देणारा. त्यात अर्धापाऊण व्होल्ट फुकट जातो म्हणून हुशारी करून मीच तो गाळला होता. रोज रात्री गेलेलं दिवसा भरून निघायचं; पण शेडच्या अंधारात, रविवारभर, बॅटरी त्याच पॅनेलमधून रिकामी होत होती.

डायोड बसवला. पुन्हा कधी गाडी अडली नाही. साहेबांना खरं सांगायला गेलो, तर त्यांनी अर्धंच ऐकलं. “चालू झाली ना? मग जुनं उकरू नकोस. तुझा कागद वर हेड ऑफिसात गेलाय.” मी उकरलं नाही. खरं कारण सांगणारा दुसरा कागद लिहायला मला कुणी हात धरून अडवलं नव्हतं.

काका फाटकावरूनच निवृत्त झाले. शाल-नारळ घेऊन निघताना उन्हातल्या गाडीजवळ थांबले, बॉनेटला हात लावला आणि झटकन काढला. “भाजते रे बिचारी. चालते ना पण?”

“चालते, काका.”

“मंग झालं.”

काही वर्षांनी ते गेल्याचं कळलं, म्हणून कोपरीला गेलो. त्यांच्या मुलीने मला ओळखलं. “तुम्हीच ना बीएस्सी? बाबा सांगायचे, त्या गाडीचा रोग कुणाला सापडत नव्हता, तो तुम्ही काढलात.”

“मी नाही. त्यांनीच काढला.”

“काहीतरीच. चौथी शिकलेले होते ते.”

मी तिला सगळं सांगितलं. तिचा विश्वास बसला नसावा; माझी समजूत काढावी तशी ती हसली.

आता मी सहीखाली काही लिहीत नाही. साहेबांना दिलेल्या त्या कागदावर मात्र ते अजून लिहिलेलं आहे.