आत्यांनी मशीन का काढलं

आमच्या कसबा बावड्यात कुणी बहिरं झालं, तर वर्ष-दोन वर्षं कुणाच्या ध्यानातच येत नाही. सगळेच ओरडून बोलतात. माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्यांचं, तसंच झालं. आम्ही मोठ्यानं बोलत होतो, त्या मान हलवत होत्या, आणि घर चाललं होतं. पुढं टीव्हीचा आवाज वाढला, दाराची कडी ऐकू येईनाशी झाली, तेव्हा कुठं माझ्या नवऱ्यानं त्यांना डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, कानाला मशीन लावा. आत्या म्हणाल्या, "मला काय झालंय? तुमीच तोंडातल्या तोंडात बोलताय."

चार वर्षं हेच. नवऱ्यानं समजावलं, नणंद फोनवर रडली, मी टोमणे मारले. माझं तोंड पहिल्यापासून तिखट. "म्हातारी दिसशिला म्हणून भ्या वाटतंय व्हय?" असं मी त्यांना भर अंगणात ओरडून विचारलेलं आहे. त्यांनी नुसता डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढला.

त्या तयार झाल्या, त्या आमच्या कुणाच्या सांगण्यानं नाही. हातकणंगल्याला त्यांची धाकटी बहीण असते. तिचा नवरा गेला तेव्हा आम्ही दोघी भेटायला गेलो होतो. बहीण भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्याचा शेवटचा दिवस कसा गेला, त्यानं पाणी कसं मागितलं, हे अगदी खालच्या आवाजात सांगत होती. असलं काही कुणी ओरडून सांगत नाही. आत्या तिच्या हातावर हात ठेवून मान हलवत होत्या, आणि मध्येच हसल्या. बहीण काहीतरी जुनी आठवण सांगतेय, असं त्यांना वाटलं असणार. बहीण बोलायची थांबली.

येताना एसटीत आत्यांनी विचारलं, "ती काय सांगत हुती गं?" मला ते सगळ्या गाडीच्या देखत मोठ्यानं सांगावं लागलं. उतरायची वेळ आली तशी त्यांनी मांडीवरची पिशवी उचलली. मग म्हणाल्या, "ते मशीन कुठं मिळतंय?"

राजारामपुरीतल्या दवाखान्यात त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. परीक्षेला बसल्यासारख्या त्या ताठ बसल्या होत्या. मशीन बसवून देणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "सुरुवातीला भांड्यांचा आवाजही नकोसा होईल. रोज थोडा वेळ लावा, घरातच, शांत बसून." घरी येऊन आत्यांनी मशीनची डबी कपाटात ठेवली आणि म्हणाल्या, "बघू सवडीनं." मला वाटलं, झालं, आता ही डबी तिथंच राहणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरी थापत माझ्या बहिणीशी फोनवर बोलत होते. आत्या दाराशी सुपात तांदूळ निवडत होत्या, नेहमीसारखा डोक्यावर पदर. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायची आमच्या घराला सवयच लागली होती. त्यांची औषधं, त्यांचा हट्ट, नणंदेनं त्यांना चार महिने तरी न्यावं की नको, सगळं त्यांच्या पुढ्यात चालायचं. आवाज बारीक करावा असं कुणाच्या मनातही येत नसे. त्या दिवशी मी बहिणीला म्हणाले, "अगं, माणूस घरात हाय म्हणायचं नुसतं. त्यापरीस आमची म्हस बरी. हाक मारली तर मान तरी वळवती." आणि हसले. बहीणही हसली.

मागं वळून बघितलं तर आत्यांचे हात सुपात थांबले होते. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. पदर मागं सारला. कानामागचं मशीन काढलं, माझ्याकडं बघत त्याचं सेलचं झाकण उघडून ते बंद केलं आणि उठून आत गेल्या. कपाटाचं दार लागल्याचा आवाज मला आला. माझी तव्यावरची भाकरी करपली.

त्या मला काही बोलल्या असत्या, शिव्या घातल्या असत्या, तर मीही चार शब्द ऐकवून मोकळी झाले असते. त्यांनी तसं केलं नाही. संध्याकाळी माझ्या नवऱ्यानं विचारलं, मशीन लावलं का, तर म्हणाल्या, "लई कलकलाट हुतोय." तो वैतागला. एवढी खटपट करून घेतलं आणि तू हट्ट सोडत नाहीस, असं त्यांना बरंच बोलला. त्या ऐकू येत नसल्यासारख्या बसून राहिल्या. मी चहा गाळत होते. खरं काय ते मला सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही.

आम्ही दोनदा परत राजारामपुरीला गेलो. मॅडमनी आवाज कमी-जास्त करून बघितला, कानात बसणारा भाग बदलला. पाहुणेही आपापलं मत देऊन गेले. कुणी म्हणालं, लाज वाटत असेल, कुणी म्हणालं, या वयात सवय लागत नाही. मॅडम मला विचारायच्या, "घरी नेमकी काय अडचण येते?" मी जमिनीकडं बघत सांगायची, "आवाज जास्त होतो म्हणतात." त्या बिचाऱ्या बाईंनी वहीत तेच लिहून घेतलं.

असे सात-आठ महिने गेले. मग हातकणंगल्याची मावशी दोन दिवस राहायला आली. पहिल्या संध्याकाळी दोघी अंगणात बसल्या होत्या. मावशी हळू आवाजात काहीतरी सांगत होती, मधूनच डोळे पुसत होती. आत्या तिच्या तोंडाकडं बघून मान हलवत होत्या. या खेपेला त्या हसल्या नाहीत. चेहरा अगदी दगडासारखा ठेवला होता. पुन्हा चूक नको म्हणून त्या काहीच चेहऱ्यावर येऊ देत नव्हत्या. मला ते बघवेना. मी आत जाऊन उगाच डबे आवरत बसले.

सकाळी मावशी आंघोळीला गेली, तेव्हा आत्या गोठ्यात होत्या. मी डबी घेऊन गेले आणि खूण केली, लावा. त्यांनी नको अशी मान हलवली. "आसंच बोल," म्हणाल्या.

मी जवळ जाऊन म्हणाले, "चुकलं माझं."

"काय?" त्यांनी कानामागं हात धरला.

"चुकलं माझं, आत्या!"

"मोठ्यानं बोल की. काय चुकलं?"

त्यांना माझं पहिलं वाक्यच कळलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही. शेजारीण गच्चीवर कपडे वाळत घालत होती, तिचे हात थांबले. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायाही वळून बघायला लागल्या. मी घसा फोडून ओरडले, "तुमच्यापरीस म्हस बरी म्हणलो फोनवर! ते चुकलं माझं! तुमी मशीन त्याच्यापायी काढलंसा, आणि मी कुणाला सांगितलं न्हाय!"

माझा नवरा दात घासत दारात आला होता. त्यानंही ऐकलं. तो तसाच आत वळला.

आत्यांनी हात पदराला पुसले. माझ्या हातातली डबी घेतली, मशीन काढलं, झाकण दाबून बसवलं आणि कानामागं लावलं. ते बारीक शिट्टीसारखं वाजलं आणि थांबलं. पदर मागंच राहू दिला. मग त्या माझ्या अगदी जवळ येऊन उभ्या राहिल्या.

"आता हळू सांग," म्हणाल्या.

सगळ्या गल्लीला ओरडून सांगितलेलं मला त्या एका माणसाला हळू सांगता येईना. ओठ नुसते हलत होते. आत्या हलल्या नाहीत. माझा आवाज निघेपर्यंत त्या तशाच कान देऊन उभ्या राहिल्या.