सखूचा काडीमोड

परवा कुंभारीला जातपंचायतीपुढे बोलायला गेलो होतो. धाकटी बहीण दुर्गा हट्टानं बैलगाडीत येऊन बसली... मीही नको म्हणालो नाही.

प्रश्न सखूचा होता. ती सोलापुरात गिरणीत कामाला. नवऱ्यानं तिला टाकून होटगीला दुसरा संसार मांडला, त्याला कैक वर्षं झाली. तिला काडीमोड हवा होता... पंचांसमोर गवताची काडी मोडली की बाई मोकळी, दुसरं लग्न करायलाही.

पण पंचायत ठरताच नवरा नवं लुगडं घेऊन दारात आला, "चल नांदायला" म्हणाला. आणि सखू गेली! आठवड्यात परत आली. आता तो पारावर मिशीला पीळ देत उभा. "मी न्यायला गेलो, ती आली. मग टाकली कुटं?"

पंच माना डोलवू लागले. मी ताडकन उठलो. मोडलेलं सांधायला जी गेली तिचाच हक्क बुडणार असेल, तर उद्या कोणती बाई सांधायला जाईल?

"मास्तर, ही सभा न्हाय," एक म्हातारे पंच म्हणाले. लोक हसले. मी बसलो.

मग ते सखूकडे वळले. "तू गेलीस कशाला गं पोरी?"

"म्हटलं, खरंच नेत असंल तर बघावं की, आण्णा."

"आन् तू रं, ठेवली कुटं हिला?"

"भायेर सोप्यात. दोन्ही वेळ भाकरी दिली की!" नवरा म्हणाला.

"चुलीपाशी का न्हाय?"

"तितं दुसरी हाय की."

तो बोलून गेला... आणि या वेळी कुणी हसलं नाही.

"सोप्यात पावणी ऱ्हाती. चूल दिली न्हाईस, तर नांदवली कवा?" म्हाताऱ्यांनी काडी मागवली. सखूनं ते लुगडं त्याच्यापुढे ठेवलं. त्याची घडीसुद्धा मोडलेली नव्हती.

परतताना दुर्गा गाडीत मूठ मिटून बसली होती. तिचा नवराही तिला दिवाळीला चार दिवस नेतो आणि पुन्हा आमच्या दारात सोडून जातो. नेतो, म्हणून टाकली म्हणता येत नाही... आणि म्हणता आलं तरी काय? आम्हा शिकलेल्यांच्या जातीत काडीमोड नाहीच. शास्त्रात नाही, इंग्रजांच्या कोर्टातही नाही.

घरापाशी उतरताना तिनं मूठ उघडली. आत मोडलेल्या काडीचा अर्धा तुकडा होता.

इतकी वर्षं जगाच्या बायकांसाठी बोललो. आता ही काडी आमच्याच लोकांकडे मागणार आहे... दुर्गेच्या नावानं, उघड.