पेरिनाकाकूचे केस

क्रोएशियात त्सेतिना नदी जिथे समुद्राला मिळते त्या गावात, चर्चमागच्या गल्लीत, यादरांकाचं पार्लर होतं. दोन खुर्च्या आणि डोकं धुवायचं एक बेसिन. चर्चमधली सकाळची उपासना, मिस्सा, उरकली की ती थेट येऊन शटर वर करायची.

मुलगी लहान, सासू अंथरुणात आणि नवरा बोटीवर, अशा दिवसांत तिची रोझरीची जपमाळ कधी पुरी झाली नाही. पापनिवेदनात तिने रडून तेच सांगितलं, तेव्हा फादर आन्ते म्हणाले होते, "दिवसभर डोकी धुतेस ना? मग ज्याचं डोकं हातात असेल त्याच्यासाठी एक 'नमो मरिया' म्हण. झालं!"

तेव्हापासून ती तसं करत आली. बायकांना वाटायचं, ही काहीतरी गुणगुणतेय. दुसरा नियम तिचा तिनेच केला होता. पार्लरमध्ये कुणाची निंदानालस्ती सुरू झाली की ती केस वाळवायचं यंत्र मोठ्याने चालू करायची. "आलं बाई हिचं वादळ!" म्हणून सगळ्या हसायच्या आणि विषय बदलायचा.

पण एकदा एक अफवा तिच्याच घरावर येऊन आदळली. तिची मुलगी मारिएता झाग्रेबला शिकत असताना एका लग्न झालेल्या माणसाबरोबर राहत होती, असं पेरिना नावाच्या म्हातारीने बाजारात पसरवलं. धादांत खोटं. तरी ठरलेलं लग्न मोडलं. यादरांका भांडायला गेली नाही, पण त्यानंतर पेरिना समोरून आली की ती रस्ता ओलांडायची. आपण तिला माफ केलंय असं ती फादरना सांगायची, आणि सांगताना खाली बघायची.

चार वर्षांनी पेरिनाला अर्धांगवायू झाला. त्या वसंतात फादर आन्ते केस कापायला आले आणि आरशात बघत म्हणाले, "मी घरी नेलेला कम्युनियनचा पवित्र प्रसादही पेरिना घेत नाहीये. म्हणते, असलं घाणेरडं डोकं घेऊन मी देवासमोर जाणार नाही. भाचा जेवण देतो, पण केस कोण धुणार?"

यादरांकाची कात्री थांबली.

"मी तुला जा म्हणत नाही हं. आपलं नुसतं सांगतोय."

"तुमचं नुसतं सांगणं मला चांगलं ठाऊक आहे, फादर. मान सरळ ठेवा."

सोमवारी पार्लर बंद असायचं. ती घमेलं, शाम्पू आणि टॉवेल घेऊन निघाली, तशी मारिएता दारात आडवी आली. "आई, हिने माझा संसार उभा राहायच्या आधी मोडला आणि तू तिचं डोकं धुणार? संत व्हायचंय का तुला?"

"संत कसली! मला तर उलटी येतेय," यादरांका म्हणाली आणि गेली.

पेरिनाने तिला पाहिलं आणि वाकड्या तोंडाने म्हणाली, "जाडी झालीस गं!"

"हो काकू. पाणी फार गरम नाही ना?"

केसांच्या जटा झाल्या होत्या. यादरांकाने नेहमीची प्रार्थना सुरू केली, पण ती अर्ध्यावरच तुटली. दुसऱ्यांदा प्रयत्न केला, तेही जमेना. मग तिने नाद सोडला आणि नुसते केस नीट धुतले, कानामागे, मानेशी, जसे कुठल्याही गिऱ्हाइकाचे धुतले असते तसे. त्या शुक्रवारी फादर घरी आले तेव्हा पेरिनाने कम्युनियन घेतलं.

मग दर सोमवारी ती जाऊ लागली. कधी प्रार्थना जमायची, कधी नाही. उन्हाळ्यात एकदा पेरिना डोळे मिटून पडली होती, आणि एकदम म्हणाली, "मारिएताचं ते... मीच बोलले होते."

"माहितेय."

"माहीत होतं, मग पहिल्याच दिवशी उकळतं पाणी का नाही ओतलंस?"

"मनात आलं होतं."

म्हातारी हसायला लागली. शेवटी तिला ठसका लागला आणि यादरांकाने तिला धरून बसवलं. हसता हसता म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माफी तिने मागितली नाही, आणि यादरांकालाही आता ती मागून घ्यावीशी वाटली नाही.

द्राक्षं उतरवायच्या दिवसांत यादरांकाचं मनगट दुखावलं, तांब्या उचलवेना. त्या सोमवारी मारिएता तिच्याबरोबर आली, ती केवळ आईसाठी. बराच वेळ उंबऱ्यापाशी हाताची घडी घालून उभी राहिली. आतून पेरिना ओरडली, "डोळ्यांत साबण जातोय गं, कुणीतरी पाणी घाला!"

मारिएताने चप्पल काढली, आत आली आणि तांब्या उचलला. "मान मागे घ्या," ती कोरडेपणाने म्हणाली.

पेरिनाने मुकाट्याने मान मागे घेतली.