मशीन आली घरा

मुरबाडला आमचं घरगुती वस्तूंचं दुकान. सासऱ्यांनी, म्हणजे दादांनी, रेडिओ आणि स्टोव्ह दुरुस्त करत सुरू केलेलं. आता मिक्सर, फ्रीज, वॉशिंग मशीन, स्मार्ट टीव्ही, सगळं मिळतं! वस्तू घरपोच गेली की मागोमाग डेमो द्यायला जायचं काम माझं. सोबत आमचे मेकॅनिक दत्तूभाऊ. गावोगाव मला 'डेमोवाली बाय' म्हणूनच ओळखतात, नाव कुणी विचारतही नाही.

इतकी वर्षं लोकांच्या थेट स्वयंपाकघरात शिरणाऱ्या बाईकडे किस्से साठणार नाहीत तर काय होणार! परवा मैत्रिणी जमल्या आणि मी अशी सुटले, की चहा दोनदा गरम करावा लागला. तोही मायक्रोवेव्हमध्ये!

•

मी नवी सून होते तेव्हाची गोष्ट. टेबल फॅनचं केवढं अप्रूप होतं तेव्हा! धसईच्या एका शेतकऱ्याने मोठ्या हौसेने पंखा नेला आणि दिवाळीनंतर परत घेऊन आला.

"फिरत नाय वो."

दादांनी मागची जाळी उघडली, तर टेबलावर तुसाचा ढीग! भात झोडून झालं होतं, वारा पडला होता, तर या गड्याने पंखा खळ्यावर नेऊन अख्खं भात उफणलेलं!

दादा तापले. "अहो, गॅरंटी कार्डावर लिहिलंय, पंखा फक्त घरगुती वापरासाठी!"

"मंग? भात काय शेजाऱ्याचं हाय का?"

दादांनी मुकाट्याने पंखा साफ करून दिला. आणि पुढच्या वर्षी झोडणीला आमच्याच शेतातल्या खळ्यावर दुकानातले दोन पंखे लागले!

•

वैशाखरे गावच्या हौसाबाईंकडे त्यांच्या आळीतला पहिला फ्रीज आला. हळदकुंकू वाहिलं, हार घातला, नारळ फोडला. मी डेमो देतेय, "वर बर्फ, खाली भाजी," आणि दारात अर्धी आळी उभी! बर्फाचा पहिला ट्रे निघाला तेव्हा तर टाळ्या पडल्या. मला वाटलं, आपण जादूचे प्रयोगच करतोय!

काही दिवसांनी त्याच रस्त्याने जाताना सहज डोकावले. "कसा चाललाय फ्रीज?"

हौसाबाईंनी दार उघडून दाखवलं. समोरच्यांचं दूध. शाळेच्या बाईंची मेथी. लग्नघरातले गजरे. कोपऱ्यावरच्या आजोबांचं इन्शुलिन. वर बर्फाच्या खणात कुणाच्या तरी पाव्हण्यांसाठी आणलेली कोंबडी.

"आणि यात तुमचं काय आहे?"

हौसाबाईंनी आतल्या दिव्याकडे बोट दाखवलं. "तो उजेड तेवढा आमचा!"

•

शहापूरकडच्या एका गावातल्या सुगंधाताई. गुडघे दुखतात म्हणून मुलाने वॉशिंग मशीन घेऊन दिलं. डेमोच्या वेळी ताई सगळं झटक्यात शिकल्या. मी खूश!

थोड्या दिवसांनी मुलाचा फोन आला. वैतागलेला. "आई अजून नदीवर जाते. मशीन बिघडलंय का बघून या जरा."

आम्ही गेलो. मशीन मस्त गरगर फिरत होतं. आणि सुगंधाताई बादलीत एकच टॉवेल टाकून दारातून निघालेल्या!

"अहो ताई, कपडे तर मशीनमध्ये आहेत. मग तुम्ही कुठे निघालात?"

"कपडे धुतंय गो ते," त्या चपला घालत म्हणाल्या, "पन गावात काय चाललंय, त्याला काय ठावं?"

•

घरघंटीचा डेमो मात्र मी जन्मात विसरणार नाही.

तुळसाबाईंच्या सुनेने घरात दळायची गिरणी घेतली होती. तुळसाबाईंचं उभं आयुष्य जात्यावर गेलेलं. त्या येऊन गिरणीभोवती फिरल्या, वाकून पाहिलं आणि मला विचारलं, "हात कुठं धरायचा?"

"हात लावायचाच नाही, आजी! वरून धान्य टाकायचं, बटण दाबायचं. बस्स!"

त्यांना काही ते पटेना. त्या गिरणीशेजारी मांडी घालून बसल्या, झाकणावर तळवा ठेवला, आणि बटण दाबल्याबरोबर ओवी सुरू केली! गिरणीच्या आवाजाच्या वर आवाज! सून म्हणाली, "मी लगीन होऊन आले तवापासून आत्यांच्या तोंडून गानं ऐकलं नाय!" दत्तूभाऊंनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. ओवीत माहेरचा रस्ता आला, भाऊ आला, भावाची बैलगाडी आली...

आणि गिरणी बंद पडली. नागली दळून संपली होती!

तुळसाबाई गिरणीवर काय भडकल्या म्हणता! "आगं, माझा भाऊ आजून वाटंतच हाय आनि तुजं दळान संपलं?"

मग सुनेकडे वळल्या. "तांदूळ आन. टाक वरून. त्याला घरी तरी येऊ दे!"

•

अलीकडचा किस्सा आसनगावचा. रोज मुंबईला जाणाऱ्या एका मुलाने वडिलांसाठी स्मार्ट टीव्ही घेतला. रिमोटमध्ये बोललं की टीव्ही ऐकतो! वडील दामूकाका, रांगडा माणूस. रिमोट तोंडाशी धरून ओरडले, "ए, कीर्तन लाव गो!"

टीव्हीने भलतंच काहीतरी लावलं. पुन्हा ओरडले, पुन्हा भलतंच. मी म्हटलं, "काका, जरा हळू, शुद्ध बोला."

काकांनी घसा साफ केला. सदऱ्याचं वरचं बटण लावलं. एकदम सरपंचासमोर उभं राहिल्यासारखे म्हणाले, "कृपया... कीर्तन लावावे."

लागलं! काका खुर्चीतून उडालेच! मग काय, "कृपया आवाज वाढवावा", "कृपया बातम्या दाखवाव्या", थांबेचनात!

आतून काकू पदराला हात पुसत आल्या. मला म्हणाल्या, "बाय, असा एक रिमोट माझ्यासाठी नाय का गो मिळत?"

•

आता जावांचा किस्सा.

धसईच्या पुढे एका गावात वनिता आणि सुरेखा या दोन सख्ख्या जावा. भावांच्या वाटण्या झाल्या, घराच्या मधोमध भिंत उभी राहिली आणि दोघींचं बोलणं बंद झालं. भाऊ भाऊ बोलायचे, पोरं एकत्र खेळायची, पण या दोघींनी एकमेकींकडे बघायचंही सोडलं. सणाला पुरणपोळीसुद्धा पोरांच्या हातून जायची.

दोघींनी कुकर आमच्याकडूनच नेले. वनिता सकाळी आली. सुरेखा दुपारी आली आणि म्हणाली, "तिनं नेला तसाच द्या!"

आठवड्याच्या आत दोघींची तक्रार. वेगवेगळ्या आल्या, पण बोलणं एकच, "डाळ शिजत नाय!" दत्तूभाऊंनी दोन्ही कुकर तपासले. रिंग ठीक, शिट्टी ठीक. दुकानात डाळ लावली, तर लोण्यासारखी मऊ! पण घरी नेले की पुन्हा डाळ कच्ची. दोघींचे नवरे कंटाळून रोज दही-भात खायला लागले.

शेवटी आम्हीच गेलो. मी वनिताच्या गॅसपाशी बसले. पलीकडे सुरेखाच्या भांड्यांचे आवाज अगदी स्पष्ट येत होते, कारण मधली भिंत कौलांपर्यंत गेलेलीच नव्हती! वर हातभर फट. कुकर चढला. एक शिट्टी झाली. दुसरी झाली. तिसरीला वनिताने गॅस बंद केला.

"थांब!" मी म्हटलं. "यातली मधली शिट्टी पलीकडची होती!"

दोघी रोज एकमेकींच्या शिट्ट्या मोजत होत्या!

वनिताने गॅस पुन्हा पेटवला आणि आम्ही दोघं बाहेर ओट्यावर आलो. दत्तूभाऊंनी दोन्ही भावांना सगळं समजावलं. भाऊ पोट धरून हसले. उपाय सोपा होता. दत्तूभाऊंच्या पिशवीत वेगळ्या आवाजाची शिट्टी होती, एका कुकरला ती बसवली की काम झालं. ते पिशवीत हात घालणार, तेवढ्यात आतून शिट्टी वाजली.

गॅस बंद केल्याचा आवाज कुठूनच आला नाही.

पुन्हा शिट्टी वाजली. आणि वनिताचा आवाज आला. आधी अडखळत, मग भिंतीवरून पलीकडे ऐकू जाईल असा मोठ्याने.

"गो सुरेखा... ही तुजी का माजी?"

थोरल्या भावाच्या हातातला चहाचा कप तोंडापाशी थांबला होता.

पलीकडून उत्तर आलं, "माजी व्हती. तुजी आजून येयाची हाय." आणि जरा थांबून, "बंद नको करू, वयनी. मी सांगते तुला."

दत्तूभाऊंचा हात अजून पिशवीतच होता. थोरल्याने कप खाली ठेवला आणि त्यांचं मनगट घट्ट धरलं.

"भाऊ," तो कुजबुजला, "शिट्टी बदलू नका!"