सहाराची धूळ आणि अपूर्वाचं ‘हो काका’

नवऱ्यामागोमाग नेदरलँड्समधल्या आर्नहेमला आली तेव्हा सगळे अपूर्वाला ‘सुबोधची बायको’ म्हणूनच ओळखत. ते तिला भारी झोंबायचं. त्यामुळे वीज कंपनीत नोकरी लागल्यावर ती हट्टाला पेटल्यासारखी काम करू लागली. उद्या ऊन किती पडेल आणि सौर पॅनेलांतून वीज किती मिळेल, याचा अंदाज ती रोज दुपारपर्यंत द्यायची. बाई हुशार होती, आणि ते तिला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

शेजारच्या टेबलावर नीळकंठ काका बसायचे. पुण्याचे, निवृत्तीला टेकलेले, सांगायला लागले की थांबायचं नाव नाही. मार्चमध्ये एका सकाळी सायकली लावताना ते म्हणाले, “अपूर्वा, सहाराची धूळ येतेय बरं का. ढगातलं पाणी शून्याखाली गेलं तरी सहजी गोठत नाही. दुधाला विरजण लागतं ना, तसा त्याला कण लागतो. ही धूळ मिळाली की वर बर्फाचा पातळ पडदा धरतो आणि ऊन अडतं. आपलं कॉम्प्युटर मॉडेल हे हिशेबात धरत नाही. उद्याचा फोरकास्ट खाली आण.”

“हो काका,” अपूर्वा म्हणाली. वडीलधाऱ्यांना आपण म्हणतो ना, तसं. आकडा तिने तसाच पाठवला.

दुसऱ्या दिवशी आभाळ दुधाळ झालं, ऊन फिकं पडलं आणि कंपनीला ऐनवेळी महागडी वीज घ्यावी लागली. मीटिंगमध्ये डच मॅनेजरने आडपडदा न ठेवता विचारलं, धुळीचं कुणाला माहीत होतं? काका अपूर्वाकडे वळून हळूच मराठीत म्हणाले, “मी तुला सांगितलं होतं ना गं?”

“नाही काका. आठवत नाही.”

काका गडबडले. मग त्यांनी सगळ्यांसमोर कबूल केलं, की सांगायचं राहून गेलं, चूक माझी.

लाजेने अपूर्वा काकांच्या टेबलाकडे बघायचंही टाळू लागली. पण काकांनी मोठ्या मनाने आपल्याला सांभाळून घेतलं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. अशा समजुती माणसाला पटकन सापडतात.

पुढच्या आठवड्यात काका डबा न उघडताच बसले होते. “हाउसआर्ट्सकडे, आपल्या फॅमिली डॉक्टरकडे, वेळ घेतलीय,” ते म्हणाले. “डोकं तपासून घेतो.”

“का? काय झालं?”

“अगं, तुला सांगितल्याचं मला लख्ख आठवतंय. तू हो म्हणालीस तेसुद्धा. आणि तसं घडलंच नाही! माझ्या बाबांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी मलाही ओळखेनात. तुझ्या काकूला अजून बोललो नाहीये.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं अपूर्वाला झालं.

“काका, तुम्ही सांगितलं होतं. मी खोटं बोलले.”

ती शिव्या ऐकायच्या तयारीने उभी राहिली. काकांनी तोंड ओंजळीत झाकलं. हात बाजूला केले तेव्हा डोळे ओले होते आणि चेहरा खुलला होता.

“म्हणजे मला काही झालेलं नाही!” ते म्हणाले. “थँक यू गं पोरी. फार उपकार झाले.”

काका दोन शब्द रागावून बोलले असते, तर तिने मान खाली घालून सोसले असते. हे उपकार मात्र तिला सोसेनात.